सी-३७ची नोकरी

तळेगाव दाभाडे,
१३ जानेवारी २०२५

चि. सौ. नुपूर हिस अनेक आशीर्वाद.

आज पुस्तकाचं पहिलं प्रकरण पोस्टात टाकलं. पानं एकाच बाजूने लिहिली आहेत, म्हणजे टाइप करताना तुला उलटसुलट करावं लागणार नाही. फोनवर मला तुमचं धड ऐकू येत नाही. नौदलातली सगळी वर्षं पाणबुडीच्या इंजिनाशेजारी काढली, त्याचं हे बक्षीस. आणि त्या व्हिडिओत तुमची तोंडं मध्येच उघडी राहून अडकतात, ते बघवत नाही. तेव्हा पत्रच बरं.

पुण्याच्या प्रतापरावांनी आजवर ट्रेकिंगची आणि स्वयंपाकाची पुस्तकं काढली. आता त्यांना सुरुवातीच्या पाणबुड्यांवर मराठीत पुस्तक हवं आहे. मी म्हटलं, सगळ्यांवर नाही, एकीवर लिहितो. ब्रिटिश नौदलाची सी-३७. त्यांनी विचारलं, "हिने किती जहाजं बुडवली?" मी म्हटलं, "आधी लिहू तर द्या."

जाड इंग्रजी पुस्तकांत तिच्यावर दोन ओळी असतात. बांधली कुठे, विकली कुठे. मधलं कोणी लिहीत नाही. मला ते मधलं लिहायचं आहे.

बॅरो गावात, विकर्सच्या गोदीत बांधली. १९१० साली नौदलात आली. लांबी आपल्या सोसायटीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि त्यात सोळा माणसं. पाण्यावर चालायला पेट्रोलचं इंजिन, पाण्याखाली बॅटऱ्या. झोपायला नीट जागा नाही, संडास नाही. बायका वाचतील म्हणून हे वाक्य गाळू नकोस. पेट्रोलच्या वाफा आत साचल्या की माणसं दारू प्यायल्यासारखी बरळायची, मग कोसळायची. त्यांना वर ओढून हवेवर बसवायचं, शुद्धीवर आली की पुन्हा खाली. वाफा आधी कळाव्यात म्हणून बोटीवर पांढरे उंदीर ठेवत, असं सगळे लिहितात. सी-३७वर होते का, मला माहीत नाही. माहीत नाही तिथे तसंच लिहिलं आहे.

रणजित फोनवर 'हो बाबा, ठीक बाबा' यापुढे जात नाही. दिवाळीत मी कायमचं तिकडे यायला नाही म्हणालो, त्याचा राग असेल. त्याला सांग, अकराव्या मजल्यावर बसून मी काय करू? ओवी जपानीत बोलणार, मी मराठीत बहिरा. दोघं एकमेकांकडे बघत बसू. राग धरू नको म्हणावं.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत.

बाबा


उरायासु,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना शि. सा. नमस्कार.

(शि. सा. म्हणजे काय ते मी आईंना फोन करून विचारलं. हसल्या खूप.)

प्रकरण मिळालं. मंगळवारी दुपारी पार्सल आलं तेव्हा मी पाळणाघरात कामावर होते, रणजितने सही करून घेतलं. मी येईपर्यंत त्याने अर्धं वाचलंसुद्धा होतं. बॅटरीच्या परिच्छेदात तुम्ही एके ठिकाणी व्होल्ट आणि अँपिअरची अदलाबदल केलीय म्हणाला. मी टाइप करताना सुधारलं आहे, चालेल ना?

संडासाचं वाक्य ठेवलं आहे. ओवीला ते वाचून दाखवलं तर तिने डोळे एवढे मोठे केले. "तोइरे नाई नो?" संडासच नाही? मग दोन दिवस तिच्या शाळेत याशिवाय विषय नव्हता. तिच्या बाईंनी मला थांबवून विचारलं, तुमचे सासरे नक्की काय लिहितात?

रणजितला राग वगैरे काही नाही, बाबा. खरंच नाही. त्याच्या टीममधले दोघं सोडून गेले आणि त्यांचं सगळं याच्या गळ्यात आलं. घरी येतो तो थकून. बोलायला त्राण नसतं एवढंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

माझं चाललंय. पाळणाघरात आता आठवड्याचे सगळे दिवस जाते, मुलं कमी आणि शेंबूड जास्त. गुरुवारी प्लास्टिकचा कचरा खाली न्यायला विसरले, तर पिशवी आठवडाभर गॅलरीत. इथे कचऱ्याचा वार चुकला की घरात गुन्हेगार राहतोय असं वाटतं.

तुमची सी-३७ इंग्लंडजवळच राहिली का पुढे? दुसरं प्रकरण लवकर पाठवा. संध्याकाळी सगळं आवरल्यावर मी ते मोठ्याने वाचते. घरात काहीतरी आवाज होतो.

तुमची,
नुपूर


तळेगाव दाभाडे,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नुपूर हिस आशीर्वाद.

व्होल्टची चूक खरी. रणजितने पकडली हे ऐकून बरं वाटलं. मंगळवारी दुपारी पार्सल घ्यायला तो घरी होता, हेही बरं झालं. नाहीतर पोस्टात परत गेलं असतं.

दुसरं प्रकरण प्रवासाचं. नाही, ती इंग्लंडजवळ राहिली नाही. १९११च्या सुरुवातीला सी-३६, सी-३७ आणि सी-३८ या तिघींना हाँगकाँगला पाठवलं. माल्टा, सुएझ, एडन, कोलंबो, सिंगापूर. या बोटी स्वतःच्या किनाऱ्यापाशी राखण करण्यासाठी बांधलेल्या. संध्याकाळी बंदरात परतायचं, माणसांनी किनाऱ्यावर झोपायचं, हा त्यांचा हिशेब. त्यांना अर्ध्या जगापलीकडे धाडलं. सोबत मोठी जहाजं होती, पण लाटा काही मोठ्या जहाजांवर थांबत नाहीत.

तांबड्या समुद्रात आत काय झालं असेल ते मी थोडंफार सांगू शकतो. तरुणपणी रिगाहून आपली रशियन बोट घेऊन येणाऱ्यांत मीही होतो. सुएझ तेव्हा बंद, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून आलो. विषुववृत्तापाशी पत्र्याला हात लागला की कातडं सोलून निघायचं. आमच्याकडे डिझेल होतं, पंखे होते. त्यांच्याकडे पेट्रोल आणि उघडं झाकण. रात्रीचा गार वारा आत यायचा आणि त्याबरोबर समुद्रही.

कोणी मेलं का? मला सापडलं नाही. तिन्ही पोचल्या एवढं नक्की.

आता एक काम. पुस्तकाला एक फोटो हवा. पाणबुडी बंदरात उभी असते तेव्हा पाण्यावर किती थोडी दिसते ते लोकांना कळायला पाहिजे. तुमच्याकडे योकोसुका स्टेशनला लागूनच बाग आहे, तिथून समोर पाणबुड्या दिसतात असं इंटरनेटवर वाचलं. त्याच जुन्या इंग्रजी आराखड्याच्या बोटी जपाननेही विकत घेतल्या होत्या, तेव्हा तिथला फोटो अगदीच आगंतुक नाही. फोटो रणजितने काढावा, त्याचा हात स्थिर आहे. घाई नाही. पण त्यानेच काढावा.

बाबा


उरायासु,
६ एप्रिल २०२५

ती. बाबांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. ओवी दुसरीत गेली. नवीन वर्ग, दप्तराला नवीन कव्हर, प्रत्येक वस्तूवर नाव चिकटवायचं, अगदी गणिताच्या काड्यांवरसुद्धा.

दुसरं प्रकरण टाइप झालं. ईमेलने प्रतापरावांना पाठवलं आहे.

फोटो राहिला. रणजितला सुट्टीच मिळत नाहीये. मी एकटी जाऊन काढला तर चालेल का? मोबाइल चांगला आहे माझा.

आज जास्त लिहीत नाही. झोप येतेय.

नुपूर


तळेगाव दाभाडे,
२१ एप्रिल २०२५

चि. नुपूर,

नाही. त्यानेच काढायचा. मी थांबतो.

तिसरं प्रकरण सोबत आहे, आणि ते वाचून प्रतापराव नाराज आहेत. ते परवा घरी आले होते. आईने थालीपीठ दिलं, ते खाऊन झाल्यावर म्हणाले, "काका, यात काहीच घडत नाही."

मी म्हटलं, "नाहीच घडत."

"शत्रूचं एक तरी जहाज?"

"नाही."

"मग आपण दुसरी एखादी बोट घेऊ या ना. पराक्रमाची."

आहेत की तशा. सी-३७च्याच बहिणींपैकी काहींनी उत्तर समुद्रात मासेमारीच्या बोटींमागे लपून जर्मन पाणबुड्या बुडवल्या. एकीत स्फोटकं भरून ती बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या पुलाखाली उडवून दिली. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझी बोट हाँगकाँगला. सकाळी बाहेर पडायचं, बुडी मारायची, वर यायचं. सरावाचा टॉर्पेडो सोडायचा आणि तोच पुन्हा शोधून आणायचा. बॅटऱ्या भरायच्या, गंज खरवडायचा. चौदा साली युद्ध लागलं. पूर्वेकडची जर्मन जहाजं निघून गेली. त्यांतल्या एम्डेनने मद्रासवर तोफा डागल्या, ते आपल्याकडे अजून सांगतात. तिच्या मागे जाण्याएवढा सी-३७चा पल्लाच नव्हता. मग काय, हुकूम यायची वाट बघायची. सगळं युद्ध वाट बघितली. शत्रू आलाच नाही. तो आला नाही म्हणून तयारी सोडता येत नाही, कारण उद्या येईल. हे कामच सगळ्यात जास्त थकवतं, आणि घरी सांगायला काही नसतं. मी स्वतः असे महिने काढले आहेत. आई विचारायची, "काय केलंत?" मी म्हणायचो, "काही नाही." खरंच काही नाही. पण झोप मात्र दोन-दोन दिवस संपायची नाही.

प्रतापरावांना म्हटलं, छापायचं नसेल तर नका छापू. मी पूर्ण लिहिणार. ते थालीपिठाचं कौतुक करून गेले.

मला जरा दम लागतो जिना चढताना. उन्हाळा कडक आहे यंदा.

बाबा


उरायासु,
१९ मे २०२५

ती. बाबांना नमस्कार.

फोटो सोबत आहे. रणजितनेच काढला. काल रविवारी आम्ही तिघं योकोसुकाला गेलो होतो.

आणि आता मला खरं लिहू द्या. त्याने मला शपथ घातली होती, पण काल परत येताना तोच म्हणाला, बाबांना लिही.

डिसेंबरपासून रणजित ऑफिसला जात नाही. सुट्टी, टीम, डेडलाइन, हे सगळं मी रचून लिहिलं. दोघं सोडून गेले ते मात्र खरं होतं, ते गेल्या वर्षी. त्यानंतर तो पहाटे जायचा आणि शेवटच्या गाडीने यायचा. डिसेंबरातल्या एका सकाळी त्याच्या ऑफिसचं कावासाकी स्टेशन आलं, गाडीचं दार उघडलं, सगळे उतरले आणि हा बसून राहिला. पुढच्या स्टेशनला उतरून परत येऊ म्हणाला, तेही जमलं नाही. गाडी जिथे संपते तिथपर्यंत, अतामीपर्यंत गेला. तिथून फोन केला. "नुपूर, मला समोर समुद्र दिसतोय. मी इथे का आलोय?" मी पाळणाघरातून तशीच एप्रन घालून गेले त्याला आणायला.

डॉक्टरांनी रजा लिहून दिली. मग वाढवली. तो आत पडून असतो. केस कापत नाही, ओवीने हाक मारली की दोनदा मारावी लागते. तुमची प्रकरणं मी संध्याकाळी वाचते ती त्याच्यासाठीच. पहिल्यांदा तो मधूनच बोलला तो व्होल्टच्या चुकीवर.

तिसरं प्रकरण वाचलं त्या दिवशी त्याने शेवटचं पान माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "जाऊ या फोटो काढायला."

जाताना शिन-कावासाकी लागतं, त्याच गावचं दुसरं स्टेशन. गाडी थांबली तसा त्याने ओवीचा हात एवढा दाबला की ती "इताई" म्हणून ओरडली, म्हणजे दुखतंय. समोरच्या बाईंनी मान खाली घातली. दार बंद झालं, गाडी सुटली, तेव्हा त्याने हात सोडला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

बागेत गुलाब फुलले होते. म्हातारी जोडपी कॅमेरे घेऊन फिरत होती, सगळ्यांची पाठ पाण्याकडे. आम्ही तिघंच पाण्याकडे तोंड करून. दोन पाणबुड्या होत्या. काळ्या, नुसती पाठ वर. तुम्ही म्हणालात तसंच, काहीच दिसत नाही हो.

ओवीने विचारलं, "नाका नो हितो, सोतो मिएरु नो?" आतल्या माणसांना बाहेरचं दिसतं का?

रणजित म्हणाला, "नाही. एकालाच दिसतं. बाकीच्यांना तो सांगेल तेवढंच."

ओवी बदकं बघायला पळाली. मग तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

"लहानपणी शाळेत सांगायचो, बाबा पाण्याखाली आहेत. पोरं हसायची. मला वाटायचं बाबांना तिथेच आवडतं. आमच्यापेक्षा."

मी म्हटलं, "आणि आता?"

"आता वाटतं, आवडण्याचा काय संबंध? मला तरी कुठे आवडत होतं. रोज जायचोच ना."

मशिनमधून काढलेला कॉफीचा डबा हातात धरून बसला होता, उघडलाही नव्हता. मग म्हणाला, "बाबांना विचार, त्यांच्या बोटीवर कोणाला असं झालं तर काय करायचे."

म्हणून विचारते आहे.

मी खोटं लिहिलं, रागवायचं तर रागवा. पण आता मीही थकले आहे, बाबा.

नुपूर


तळेगाव दाभाडे,
२ जून २०२५

चि. नुपूर आणि चि. रणजित,

नुपूर, तुझ्यावर कसला राग. पाच महिने तू एकटीने दोन वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या दोन पाळ्या, केल्यास. बोटीवर असं कोणाला करू देत नाहीत.

रणजित, तू विचारलंस त्याचं उत्तर. आमच्या बोटीवर नरेंद्र म्हणून एक सोनारवाला होता. कानाला यंत्र लावून पाण्यातले आवाज ऐकायचं त्याचं काम. हुशार माणूस. एका लांबच्या फेरीत त्याने बोलणं सोडलं. जेवणाचं ताट घेऊन बसायचा आणि तसंच परत द्यायचा. एक दिवस यंत्र कानावरून काढलं आणि म्हणाला, मला आता सगळंच ऐकू येतंय.

कॅप्टनने त्याला काहीही विचारलं नाही. उपदेश केला नाही. त्याला स्वयंपाकखोलीत बसवलं, बटाटे सोलायला. त्याचा वॉच आम्ही बाकीच्यांनी वाटून घेतला. कुरकुर केली आम्ही, नाही असं नाही. त्याच्या देखत नाही केली.

पुढे तो बरा झाला. पण सोनारवर परत बसला नाही. किनाऱ्यावर भांडारात बदली घेतली आणि नोकरी तिथेच पूर्ण केली. मुलीच्या लग्नात आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी उठून यंत्र कानाला लावलं असतं तर गोष्ट चांगली झाली असती, पण तसं झालं नाही. मला जे झालं तेच सांगता येतं.

दुसरं. मला तिथे आवडायचं का? पहिली काही वर्षं आवडायचं. नंतर काम होतं. तुमच्यापेक्षा जास्त कधीच आवडलं नाही. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मला वाटायचं की ते तुला माहीतच आहे.

फोटो उत्तम. हात स्थिर आहे तुझा.

शेवटचं प्रकरण थोडं राहिलंय. पुढचे काही दिवस पत्र येणार नाही. सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललंय, मी त्या समितीत आहे.

बाबा


तळेगाव दाभाडे,
३० जून २०२५

चि. रणजित, चि. नुपूर आणि चि. ओवी यांना आशीर्वाद.

मी पद्मिनी लिहिते आहे. कुठलंही वॉटरप्रूफिंग नाही. ह्यांची बायपास झाली, पुण्याला, दहा तारखेला. जानेवारीतच डॉक्टरांनी करा म्हणून सांगितलं होतं. हे पुढे ढकलत राहिले, रणजितचं काय ते कळू दे म्हणून. मला तोंड उघडू दिलं नाही. आता घरी आले आहेत, चिडचिड करतात, म्हणजे बरे आहेत.

रणजित, ह्यांना फेब्रुवारीतच संशय आला होता. नुपूरच्या पत्रात मंगळवारी दुपारी तू पार्सल घेतलंस असं होतं. मला म्हणाले, "पोरगा दिवसा घरी आहे आणि ही सांगत नाही." मी म्हटलं विचारा सरळ. तर म्हणे, सरळ विचारलं की माणूस झाकण लावून घेतो. म्हणून तो फोटोचा उद्योग काढला. त्यांना म्हणे फोटो नको होता, तू घराबाहेर पडायला हवा होतास.

तुम्ही दोघं बापलेक सारखेच. एक इथे छाती दाबून जिना चढतो, एक तिथे गाडीतून उतरत नाही, आणि दोघांचंही "ठीक आहे". आम्ही दोघी काय पोस्टमन आहोत?

शेवटचं प्रकरण एवढंच लिहिलंय, एक पान. पुढे लिहवत नाही म्हणतात. पाठवते.

मी रोज थोडी चालते. माझी काळजी करू नका, म्हणजे करा, पण कमी.

आई


उरायासु,
२० जुलै २०२५

ती. बाबांना नमस्कार.

आईचं पत्र आल्यावर फोन केला, तुम्ही नेहमीप्रमाणे "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणून ठेवलात. नंतर वाटलं, आवाज येत असणार. मीही तेच केलं असतं. तेव्हा लिहितो. मराठीत एवढं लांब लिहून खूप वर्षं झाली, चुका असतील.

तुमचं शेवटचं पान मी टाइप केलं, नुपूरने नाही. त्यात होतं: 'जून १९१९मध्ये हाँगकाँग येथे विकली. कोणी घेतली, पुढे काय झालं, ठाऊक नाही. भंगारात गेली असावी. कामगिरी शून्य.' शेवटचं वाक्य मी काढलं. तुम्हाला विचारलं नाही. ती जिथे ठेवली तिथे राहिली, रोज तयार राहिली, आणि तिच्यातली माणसं तुम्हाला सापडलं त्याप्रमाणे जिवंत परतली. याला शून्य म्हणायचं असेल तर ते प्रतापरावांना लिहू दे. त्यांनी छापायला नकार दिला आहे, ईमेल आला. नुपूर म्हणते आपण स्वतः काढू, थोड्या प्रती. मुखपृष्ठावर योकोसुकाचा फोटो. फोटो हवाच होता असं समजा.

गेल्या सोमवारी मी कावासाकीला गेलो. एकटा. दार उघडलं. थोडा वेळ काही झालं नाही, मग मी उतरलो. प्लॅटफॉर्मवर बाकावर बसून पाणी प्यायलो. ऑफिसात जाऊन राजीनामा दिला. परत रुजू व्हायला मी गेलो नव्हतो, बाबा. तुमच्या नरेंद्रचं वाचलं नसतं तर कदाचित गेलो असतो.

आमच्या मॅनेजर हिरायामा-सानना मी घाबरत होतो. ते रागावले नाहीत. रजेचे, विम्याचे कागद समजावून सांगितले. मग मी निघालो तसे ते उठून उभे राहिले, कमरेतून वाकले आणि म्हणाले, "ओत्सुकारेसामा देश्ता."

हे इथे रोज म्हणतात. ऑफिस सुटताना, मीटिंग संपली की, कॉपी मशिनपाशी भेटलं तरी. मी चौदा वर्षं हजारो वेळा म्हटलं आणि ऐकलं असेल, आपल्या 'चला, येतो'सारखं. पण शब्दांचा अर्थ बघितला तर तो आहे, तुम्ही थकलात. आदराने म्हटलेलं, की तुम्ही खूप थकलात. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. लिफ्टमध्ये मी रडलो. बाजूला एक मुलगी फाइल घेऊन उभी होती, तिने दोन मजले उगाच बटणाकडे बघत काढले.

घरी येताना गाडीत तुमची आठवण झाली. तुम्ही नौदल सोडून कायमचे घरी आलात तेव्हा मी पाचवीत होतो. पुणे स्टेशनवरून रिक्षाने आलात, पत्र्याची ट्रंक घेऊन. मी दारातच विचारलं, काय आणलं? आईने विचारलं, आधी जेवता का अंघोळ? शेजारचे काका म्हणाले, बरं झालं आलात, आमची मोटर बघा जरा, पाणी चढत नाही. तुम्ही ट्रंक ठेवली आणि गच्चीवर मोटर बघायला गेलात. दुसऱ्या महिन्यात भोसरीच्या कारखान्यात लागलात. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर त्या दिवशी तुम्हाला कोणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे त्यासाठी शब्दच नाही बहुतेक, किंवा असेल आणि आपण वापरत नाही.

शुक्रवारचं तिकीट काढलंय, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो, म्हणजे माझ्याआधी पोचेल. मी एकटा येतो, दोन महिने राहीन. पुढचं काय ते ठरलेलं नाही. नुपूरने पाळणाघरातून रजा मागितली आहे, ओवीची शाळा सुटली की त्या दोघी येतील. तोवर नुपूरने सकाळी अलार्म लावायचा नाही असं ठरलंय. कचरा ओवी नेणार आहे.

विमानतळावर कोणी येऊ नका. तुम्ही खुर्चीतून उठूही नका. मी आत आल्यावर तुमच्यासमोर उभा राहून, हिरायामा-सानसारखं वाकून म्हणायचं ठरवलं होतं, पण तिथे मला जमेल असं वाटत नाही, आणि तुम्ही म्हणाल, काय नाटक करतोस. म्हणून इथेच लिहून टाकतो.

बाबा, खूप थकलात हो तुम्ही.

रणजित